सोलापूर परिसरात नदीकाठी मुक्काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की सोलापुरातील अनेक कुटुंबे भीमेच्या किंवा सीनेच्या काठी एक-दोन रात्री काढण्याचा विचार करतात. जागा कोणती, भाडे किती, जेवण मिळेल का, हे प्रश्न साहजिकच आधी येतात. आमच्या मते त्याहून आधीचा प्रश्न पाण्याचा आहे. आपल्या काठावर किती पाणी असेल हे आपल्या आभाळापेक्षा नदीच्या वरच्या अंगाला, दूरवर पडणाऱ्या पावसावर आणि धरणांच्या दरवाजांवर ठरते. पुढील बहुतेक उत्तरे या एका गोष्टीभोवती फिरतात.

सोलापूरजवळ नदीकाठी राहण्यासारखी ठिकाणे कोणती?

सर्वाधिक सोयी उजनी जलाशयाच्या काठावर आहेत. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. ते माढा तालुक्यात भीमानगर येथे, पुणे महामार्गालगत, सोलापूरपासून शंभर किलोमीटरच्या आत आहे. धरणामागचा फुगवटा मात्र करमाळा तालुक्यातून पार पुणे जिल्ह्यातील इंदापूर आणि भिगवणपर्यंत पसरलेला आहे. भिगवणच्या बाजूला पक्षी पाहण्यासाठी येणाऱ्यांच्या घरगुती निवासाची चांगली व्यवस्था झाली आहे. तेथवरचे अंतर सोलापुरातून सुमारे दीडशे किलोमीटर पडते. करमाळ्याच्या बाजूला केत्तूर परिसर शांत आहे. रेल्वेने पारेवाडी किंवा जेऊर स्थानकावर उतरून तेथे जाता येते. राहण्याच्या सोयी मात्र मोजक्या असल्याने आधी बोलणी केल्याशिवाय निघू नये.

धरणाच्या खाली, म्हणजे वाहत्या नदीच्या काठी, दोन जागा आम्हाला विशेष प्रिय आहेत. पहिली दक्षिण सोलापूर तालुक्यातील हत्तरसंग कुडल. येथे सीना भीमेला मिळते. संगमावर संगमेश्वर आणि हरिहरेश्वर ही प्राचीन मंदिरे असून शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आणि ३५९ मुखे कोरलेले शिवलिंग पाहण्यासाठी अभ्यासक दुरून येतात. दुसरी जागा मंगळवेढा तालुक्यातील माचणूर. भीमेच्या वळणावर उभे असलेले सिद्धेश्वराचे मंदिर, खाली उतरणारा घाट आणि जुन्या किल्ल्याची तटबंदी असा तो परिसर आहे. दोन्ही ठिकाणे शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर आहेत. मंदिराच्या आवारात किंवा घाटावर तंबू ठोकणे योग्य नाही. जवळपासच्या शेतात शेतमालकाच्या संमतीने राहावे, अथवा दिवसभर थांबून संध्याकाळी परतावे.

पंढरपूरला चंद्रभागेच्या काठी राहायचे असेल तर मंदिर समितीचे भक्तनिवास आणि मठ हेच सोयीचे. पैलतीरावरील पासष्ट एकराची जागा वारीच्या काळात वारकऱ्यांच्या राहुट्यांसाठी असते; ती सहलीची जागा मानू नये.

मुक्कामासाठी कोणता काळ चांगला?

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीची अखेर. परतीचा पाऊस संपलेला असतो, नदी स्थिरावलेली असते, रात्री अंगावर चादर घ्यावी अशी थंडी असते आणि शेतात ज्वारी हुरड्यावर आलेली असते. मार्चपासून ऊन चढते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि दुपारी तंबूच्या आत बसणे अशक्य होते. उन्हाळ्यात जायचेच असेल तर गच्च झाडी असलेली जागा आणि कौलारू किंवा जाड भिंतींची खोली पाहावी. मे महिन्याच्या उत्तरार्धात दुपारनंतर वळिवाची वादळे येतात, विजा पडतात, काही वेळा गाराही पडतात. अशा वेळी उघड्या माळावरचा एकटा तंबू किंवा एकटे झाड ही दोन्ही धोक्याची ठिकाणे ठरतात.

सोलापुरात पाऊस नसतानाही नदीला पूर कसा येतो? त्याचा आमच्या मुक्कामाशी काय संबंध?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असल्याने त्याचे उत्तर थोडे सविस्तर देत आहोत.

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत येतो. वर्षाकाठी साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस येथे पडतो, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये येतो. भीमेचे पाणी मात्र सह्याद्रीच्या माथ्यावरून निघते. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या पश्चिमेला मुसळधार पाऊस झाला की तेथील धरणे भरतात, त्यांचे पाणी मुळा-मुठा आणि भीमेतून दौंडला येते आणि तेथून उजनीत शिरते. म्हणूनच उजनीकाठचे शेतकरी पावसाळ्यात रोज ‘दौंडचा विसर्ग किती’ असे विचारतात. उजनी भरली की तिच्या ४१ दरवाजांतून पाणी भीमेत सोडले जाते. त्याच सुमारास नीरेवरील वीर धरणातूनही विसर्ग सुरू असेल, तर तो नीरा-नरसिंहपूरच्या संगमावर भीमेला मिळतो आणि पंढरपूरच्या दिशेने दोन नद्यांचे पाणी एकत्र येते. सोलापुरात त्या दिवशी कोरडे ठणठणीत ऊन असू शकते. नदीकाठी बसलेल्या माणसाला आभाळाकडे पाहून काहीच सुगावा लागत नाही.

विसर्गाचे आकडे क्युसेकमध्ये येतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. बातमीत ‘उजनीतून ५० हजार क्युसेक’ असे वाचले तर त्याचा अर्थ दर सेकंदाला १४ लाख लिटर पाणी खाली येत आहे, असा घ्यावा.

सीनेचे वागणे वेगळे आहे. वर्षातील बराच काळ तिचे पात्र कोरडे किंवा बंधाऱ्यापुरते ओले असते, त्यामुळे ती निरुपद्रवी वाटते. तिचे पाणलोट क्षेत्र अहिल्यानगर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या बाजूला असल्याने परतीच्या पावसात ती अचानक भरते. सप्टेंबर २०२५ मध्ये तिला आलेल्या महापुराने करमाळा, माढा, मोहोळ आणि सोलापूरच्या दोन्ही तालुक्यांतील कित्येक गावांना वेढले, आणि पुणे महामार्गावरही लांबोटीजवळ वाहतूक थांबवावी लागली. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमाकाठाने असाच अनुभव घेतला होता. जून ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आम्ही वाहत्या नदीच्या काठावर तंबूत राहण्याचा सल्ला कोणालाही देत नाही.

हा धडा नवा नाही. माचणूरजवळ ब्रह्मपुरी येथे १६९५ पासून काही वर्षे औरंगजेबाची मोठी छावणी होती, आणि १६९७ च्या पावसाळ्यात भीमेला आलेल्या महापुराने त्या छावणीची मोठी हानी केली. हत्ती, घोडे आणि हजारोंचे मनुष्यबळ हाताशी असलेल्या छावणीची ही गत झाली, तेथे चार माणसांच्या तंबूने किती सावध असावे, हे सांगायला नको.

‘उजनी उणे’ असे बातम्यांत येते. त्यावरून सहलीबद्दल काय समजावे?

उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यातील सुमारे ६३.६६ टीएमसी मृतसाठा धरला जातो आणि टक्केवारी त्याच्या वरच्या उपयुक्त साठ्यावर मोजतात. म्हणजे शून्य टक्के झाल्यावरही धरणात भरपूर पाणी असते; त्याखाली पातळी गेली की उणे आकडे सुरू होतात.

मुक्कामाच्या दृष्टीने याचा अर्थ असा. धरण शंभर टक्क्यांच्या आसपास असेल तेव्हा पाणी निवासाच्या अगदी जवळ असते आणि छायाचित्रांत दिसते तसे दृश्य मिळते. पातळी उतरत गेली की पाणी मागे सरकते आणि मध्ये गाळाचा विस्तीर्ण पट्टा उघडा पडतो. ‘पाण्याला लागून खोली’ अशी जाहिरात पाहून मे महिन्यात गेलेल्या पाहुण्यांना पाण्यापर्यंत बरेच चालावे लागते. त्यामुळे आरक्षण करताना मालकाला ‘सध्या पाणी खोलीपासून किती लांब आहे’ असे सरळ विचारावे आणि त्याच आठवड्यातील छायाचित्र मागवावे.

उघड्या पडलेल्या जमिनीचा वरचा थर वाळून भेगाळलेला दिसतो, पण खाली ओला गाळ असतो. त्यावर मोटार नेऊ नये. आम्ही एकदा हा मोह केला होता. पुढची चाके रुतली आणि गाळपेर करणाऱ्या एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर जोडून गाडी ओढून काढली तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. मुलांनाही अशा गाळात एकटे सोडू नये.

तंबू बरा की खोली?

पहिल्यांदाच जात असाल, सोबत लहान मुले किंवा वयस्कर मंडळी असतील, तर खोली घ्यावी. कृषी पर्यटन केंद्रांत साध्या, स्वच्छ खोल्या आणि स्वतंत्र स्वच्छतागृहे मिळतात. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणल्यापासून अशा केंद्रांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते; नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये.

तंबूतील रात्रीचे सुख निराळे आहे, हे आम्हीही मान्य करतो. पहाटे पाण्यावरून येणारा पक्ष्यांचा कलकलाट भिंतीआडून तसा ऐकू येत नाही. हिवाळ्यात तंबूच घ्यायचा ठरवले तर खाली जाड सतरंजी अंथरावी, कारण थंडी वरून येते त्याहून अधिक जमिनीतून येते. अंगावर सोलापुरी चादर दुहेरी करून घेतली तर इथल्या हिवाळ्याला ती पुरते.

तंबूची जागा निवडताना काय पाहावे?

नदीकाठच्या झुडपांकडे पाहावे. फांद्यांत अडकलेला पालापाचोळा, चिंध्या आणि प्लास्टिक म्हणजे मागच्या पुराची खूण असते. तंबू त्या खुणेच्या वर असावा. गावातील एखाद्या जाणत्या माणसाला भीमाकाठी ‘२०२० चे पाणी कुठवर आले होते’ आणि सीनाकाठी ‘२०२५ चे पाणी कुठवर आले होते’ असे विचारावे. कोणत्याही नकाशापेक्षा हे उत्तर भरवशाचे असते. ओढा नदीला मिळतो ती जागा, नदीपात्रातील वाळूचे बेट आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या खालची बाजू येथे तंबू कधीही ठोकू नये. बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढले की खालच्या पात्रात पाणी झपाट्याने वाढते. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यातही हा धोका राहतो, कारण पिण्यासाठी किंवा शेतीसाठी उजनीतून भीमेत पाणी सोडले जाते. सोलापूर शहराच्या टाकळी येथील उपसा केंद्राकडे जाणारे पाणी याच मार्गाने येत आले आहे.

परवानगी कोणाची लागते?

खासगी शेत असेल तर मालकाची. ती तोंडी न ठेवता निदान मोबाइलवरील संदेशात तरी असावी. धरणाची भिंत, सांडवा आणि संपादित जमीन जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत येते, तेथे मनाने राहता येत नाही. मोठा गट असल्यास ग्रामपंचायतीला आणि जवळच्या पोलीस ठाण्याला कळवून ठेवावे. ड्रोन उडवायचा असेल तर धरणाच्या परिसरात स्वतंत्र परवानगीशिवाय तो बाहेरही काढू नये.

नदीत पोहता येईल का?

आमचे उत्तर नाही असे आहे, आणि विहिरीत पट्टीचे पोहणाऱ्यांनाही ते लागू आहे. भीमा आणि सीना या दोन्ही नद्यांच्या पात्रांत वाळू उपशामुळे खोल खड्डे पडलेले आहेत. गुडघाभर पाण्यातून चालताना पुढचे पाऊल एकदम पुरुषभर खोलीत जाते, आणि वरून पाहताना ते समजत नाही. जलाशयात पाण्याखाली बाभळीची खोडे, जुन्या गावांच्या भिंती आणि मासेमारीची जाळी असतात. एखाद्याला बुडताना पाहिले तर त्याच्यामागे उडी घेऊ नये. दोर, लांब काठी, रिकामे झाकणबंद कॅन, प्रसंगी जोडलेल्या साड्या, जे हाती येईल ते त्याच्याकडे फेकावे. यासाठी निघताना गाडीत वीस-पंचवीस मीटर जाड दोर अवश्य ठेवावा.

उजनीत होडीतून फिरणे सुरक्षित आहे का?

सकाळी वारा पडलेला असताना, जीवरक्षक जॅकेट घालून आणि होडीच्या क्षमतेपेक्षा कमी माणसे घेऊन फिरायला हरकत नाही. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगाव ते कळाशी या जलमार्गावर अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्याने प्रवासी बोट उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. हा फुगवटा इतका रुंद आहे की वारा सुटल्यावर त्यावर लाटा उठतात. जॅकेट ‘मागितले तर देऊ’ असे म्हणणाऱ्या होडीत बसू नये. प्रत्येकाच्या अंगावर, लहान मुलांना त्यांच्या मापाचे आणि पट्टे बांधलेले जॅकेट असल्याशिवाय होडी काठ सोडणार नाही, हे आपणच ठरवावे. नावाडी वाऱ्याकडे पाहून ‘आज नको’ म्हणाला, तर त्याचे ऐकावे.

पक्षी पाहण्यासाठी केव्हा जावे?

डिसेंबर ते मार्च. पाणी उतरू लागले की उथळ भागात रोहित पक्ष्यांचे थवे येतात, आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस, शिवाय चित्रबलाक, तुतवार आणि बदकांच्या अनेक जाती दिसतात. पहाटे साडेसहाच्या आत होडीत असावे. थव्याच्या अगदी जवळ होडी नेऊन पक्षी उडवायला लावणे, ही अलीकडे वाढलेली सवय फार वाईट आहे. लांबच्या प्रवासातून आलेल्या पक्ष्याची खाण्याची वेळ त्यात वाया जाते. माळढोकसाठी प्रसिद्ध असलेले नान्नजचे अभयारण्य नदीकाठचे नाही, ते गवताळ माळाचे आहे. त्यासाठी वेगळा दिवस ठेवावा.

नदीचे पाणी उकळून प्यायले तर चालेल का?

चालणार नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नदीतून उजनीत येते आणि उन्हाळ्यात पाण्यावर हिरवा तवंग धरतो. उकळल्याने जंतू मरतात, पण शेवाळातून येणारी विषद्रव्ये आणि रसायने तशीच राहतात. माणशी दिवसाला चार लिटर या हिशेबाने पिण्याचे पाणी घरूनच न्यावे. हिरव्या तवंगाच्या पाण्यात भांडी धुऊ नयेत आणि पाळीव कुत्र्यालाही ते पिऊ देऊ नये.

साप-विंचवांची काय काळजी घ्यावी?

आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आहेत. तंबूवाल्यांसाठी त्यातला मण्यार अधिक काळजीचा आहे. तो रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्याच्या अंथरुणात शिरतो आणि त्याचा दंश बहुधा दुखतही नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, गिळता न येणे अशी लक्षणे दिसली तर दंशाची खूण शोधत न बसता रुग्णालय गाठावे. उघड्यावर झोपायचे असल्यास खाटेवर, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचून झोपावे. तंबूची चेन कायम बंद असावी आणि सकाळी बूट झटकल्याशिवाय घालू नयेत.

दंश झाल्यास तो भाग हलवू नये. आवळून दोरी बांधणे, चिरा देणे, तोंडाने विष ओढणे किंवा मांत्रिकाकडे नेणे, यांत मोलाचा वेळ आणि प्रसंगी अवयवही जातो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा स्वतःच्या गाडीने निघावे. सर्पविषावरील लस शासकीय रुग्णालयात मिळते. आपल्या मुक्कामापासून सर्वांत जवळचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय कोणते, हे पोहोचल्या दिवशीच विचारून ठेवावे.

जेवणाचे काय करावे?

पहिल्या रात्रीचे जेवण घरून नेलेले बरे. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि धपाटे दोन दिवस सहज टिकतात, आणि पोहोचायला उशीर झाला तरी चूल पेटवण्याची घाई होत नाही. उजनीकाठी चिलापी आणि मरळ ताजी मिळते. रस्सा तेथील घरच्याच माणसांकडून करून घ्यावा. डिसेंबर-जानेवारीत हुरड्याची आगटी लावून मिळते. आगटी उभ्या ज्वारीपासून लांब आणि वाऱ्याची दिशा पाहून लावावी, आणि उठताना तिच्यावर पाणी ओतून राख हाताने चाचपावी. वाळलेल्या पाचोळ्यात एक ठिणगी पडली तरी शेतकऱ्याचे वर्षाचे पीक जाते.

आरक्षण किती आधी करावे?

नाताळ ते मकरसंक्रांत या काळासाठी महिनाभर आधी. संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, त्यामुळे शहरातील निवासही भरलेले असतात. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या रस्त्यांवरून नदीकडे जाण्याचा बेत आखू नये. आगाऊ रक्कम देताना धरणाचा विसर्ग वाढल्यामुळे मुक्काम रद्द झाला तर पैसे परत मिळतील का, हे लिहून घ्यावे. जो मालक या प्रश्नावर चिडतो, त्याच्याकडे आम्ही जात नाही.

कचरा कुठे टाकावा?

आणलेल्या पिशवीत भरून घरी परत न्यावा. काठावर पुरलेला कचरा पुढच्या पाण्यात उघडा पडतो आणि जनावरांच्या पोटात जातो.

रात्री पाणी वाढत असल्याचे लक्षात आले तर काय करावे?

झोपण्यापूर्वी पाण्याच्या कडेला एक काठी रोवून ठेवावी आणि रात्री एकदा उठून बॅटरीच्या उजेडात ती पाहावी. काठी पाण्यात गेली असेल, पाण्याचा रंग गढूळ झाला असेल, वरच्या अंगाने घरघर ऐकू येत असेल किंवा भोंगा वाजला असेल, तर तंबू सोडावा. खुंट्या उपटत बसू नये, सामान आवरू नये. आधी मुले आणि वृद्ध माणसे वरच्या बांधावर न्यावीत, माणसे मोजावीत, मग मालकाला आणि ११२ क्रमांकावर फोन करावा. गाडी पहिल्यापासूनच रस्त्याकडे तोंड करून उंचावर लावलेली असावी. वाटेत पुलावरून किंवा फरशीवरून पाणी जात असेल तर ते कितीही उथळ दिसले तरी गाडी त्यात घालू नये; उजाडेपर्यंत अलीकडच्या वस्तीवर थांबावे. आपल्याकडे कोणत्याही वस्तीवर रात्री दार वाजवले तर ते उघडले जाते आणि आधी चहा पुढे येतो.